शकूची साखर उतरली तेव्हा

रक्ताची नळी हातात आली की गोमाजी उतेकर ती आठ वेळा उलटीसुलटी करायचे. सात नाही, नऊ नाही. आमच्या धंद्यातला नियमही साधारण तोच आहे. रक्त काढल्यावर नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटायची, म्हणजे आतल्या औषधात रक्त मिसळतं आणि गोठत नाही. पण मी हा नियम पाळते तो घड्याळाकडे बघत, तोंडाने कुणाला तरी खडसावत. गोमाजी पाळायचे तो देवपूजेला बसल्यासारखा. ओठ हलायचे, आकडे आतल्या आत मोजले जायचे, आणि तेवढा वेळ समोरचा माणूस कितीही घाईत असला तरी गप्प बसायचा.

पोलादपूरला एसटी स्टँडच्या मागे माझं रक्त-लघवी तपासणीचं केंद्र आहे. मी अनुपमा, तापट म्हणून तालुक्यात ओळखली जाते आणि ते खोटं नाही. नऊ वर्षांपूर्वी एक साठी उलटलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीतून जीपने आला आणि म्हणाला, मी मुंबईला लॅबमध्ये होतो, घरी बसवत नाही, काही काम असेल तर द्या. मी म्हटलं, मला माणसाची गरज नाही. तो म्हणाला बरं, आणि टेबलावरच्या सकाळपासून तशाच पडलेल्या काचा धुवायला लागला. इतक्या स्वच्छ काचा माझ्या केंद्रात आधी कधी दिसल्या नव्हत्या. तेव्हापासून ते आठवड्यातले चार दिवस येऊ लागले, आणि मी त्यांना काका म्हणू लागले.

वाडीत त्यांच्याबद्दल निराळीच समजूत होती. मुंबईला गोमाजी काय करतो, असं कुणी विचारलं तर त्यांचे वडील सांगायचे, कलेजीचं काम करतो. लोकांनी सरळ अर्थ घेतला की पोरगा मटणाच्या दुकानात आहे. सुट्टीवर आले की कुणी ना कुणी बकरं कापायला बोलवायचं. गोमाजी जायचे, आणि गपचूप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सुरी द्यायचे.

काम खरंच कलेजीचं होतं. परळच्या एका संशोधन संस्थेत ते उंदीरखान्यातले शिपाई म्हणून लागले. तिथे प्रियदर्शिनी मॅडम नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. इन्सुलिनसारखी द्रव्यं रक्तातून वाहत येऊन लिव्हरच्या पेशींवर कशी बसतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे शोधण्यात मॅडमचा जन्म गेला. त्यासाठी लागायचा लिव्हरच्या पेशीवरचा पातळ पापुद्रा. पांढऱ्या उंदराचं लिव्हर बर्फात गार करायचं, बारीक कापायचं, काचेच्या नळीत घालून काचेच्या दांड्याने दाबायचं. आठ वेळा खाली, आठ वेळा वर. कमी मारले तर पेशी फुटत नाहीत. नववा मारला तर पेशीच्या आतलं बीसुद्धा फुटतं आणि सगळा माल शेंबडासारखा चिकट होऊन फुकट जातो. शिकलेल्या मुलामुलींचे हात थरथरायचे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मॅडमने या शिपायाच्या हातात दांडा दिला. त्या दिवसानंतर तेहतीस वर्षं तो दांडा दुसऱ्या कुणाकडे गेला नाही.

मॅडम त्यांना सगळं मराठीत समजावून सांगायच्या, आणि दुपारी काम नसलं की गोमाजी मला. इन्सुलिन म्हणजे बारीक मण्यांची माळ समजा, ताई. ती येते नि कलेजीच्या पापुद्र्याला चिकटते. चिकटली की आत निरोप जातो, साखर भरून ठेवा, बाहेर सोडू नका. निरोप पोचला की माळेचं काम संपलं. मग ती तोडून टाकायची, नायतर ती निरोप देतच राहील. तोडायची कात्रीही तिथंच असते. पण मॅडमने दाखवलं होतं की चिकटणं वेगळं आणि तुटणं वेगळं. नळी बर्फात ठेवली तर माळ पापुद्र्याला नीट चिकटते, पण तुटत नाही. ऊब दिली की तुटायला लागते. तुटली की नाही हे कळायचं कसं, तर नळीत एक आम्ल टाकायचं. अख्खी माळ नासलेल्या दुधासारखी खाली बसते, तुटलेले तुकडे वरच्या पाण्यात राहतात. खालचं किती, वरचं किती, हे मोजायचं मशीन होतं.

मी बी.एस्सी. झालेली. हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून विसरून गेले होते. सातवी पास माणसाकडून ते मला पुन्हा कळलं, आणि त्या वेळी कळलं तेच खरं.

आता शकूबद्दल सांगायला हवं, कारण गोमाजींची गोष्ट म्हणजे शेवटी तिचीच.

लग्न झालं आणि सहा महिन्यांत गोमाजी मुंबईला गेले. शकू वाडीतच राहिली. डोंगरउतारावरची नाचणी-वरी, दोन म्हशी, सासू-सासरे आणि मुलगा सुनील, सगळं तिने एकटीने ओढलं. गोमाजी यायचे शिमग्याला आणि गणपतीला, वर्षाचे मिळून वीस दिवस. मी एकदा हिशेब मांडला आणि त्यांना ऐकवला, की तेहतीस वर्षांत तुम्ही बायकोबरोबर दोन वर्षंसुद्धा राहिला नाहीत. असलं काही बोलून जायची मला वाईट खोड आहे. गोमाजी रागावले नाहीत. म्हणाले, तिनेपण मोजलंय.

ते निवृत्त होऊन कायमचे परतले त्याच वर्षी शकूला इन्सुलिन सुरू झालं. साखर आधीपासून होती, तिने कुणाला सांगितली नव्हती. सुई टोचून घ्यायला ती घाबरायची. मग सुई गोमाजींच्या हातात आली. रोज सकाळी, तिची भाकरी तव्यावर असताना, चुलीपुढेच. टोचण्याआधी ते बाटली तळव्यांत फिरवून ऊब द्यायचे, गार औषध जास्त दुखतं म्हणून. वाडीत वीज कधी असते कधी नसते, तेव्हा बाटली फ्रीजच्या भरवशावर ठेवली नव्हती. एका मडक्यात ओली वाळू, त्यात छोटा लोटा, लोट्यात बाटली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. शकू शेजारच्या तुळसाला म्हणाली होती, "आदी माणूस नव्हतं, आता रोज टोचतंय." तुळसाने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. हसताना तिचे डोळे भरले होते.

दोन वर्षांपूर्वी शकूची साखर उतरायला लागली.

चोवीस युनिट लागायचे ते वीसवर आले. मग सोळा, मग बारा. एरवी वय वाढतं तसं औषध वाढतं, इथे उलटंच. सगळ्यांना आनंद झाला आणि सगळ्यांनी श्रेय वाटून घेतलं. तुळसाने गुळवेलीचा काढा दिला होता, तिला वाटलं काढ्याचा गुण. सुनीलने मुंबईहून कसली तरी पावडर आणली होती. शकूने गावदेवी सोमजाईला बोलून ठेवलं होतं, की साखर गेली तर शिमग्याला तुझी पालखी दारात येईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही आणि तुझी ओटी भरीन. गोमाजींना वाटलं आपल्या हाताचा गुण, वेळ न चुकवल्याचा. ते बोलले नाहीत, पण केंद्रात पेढे वाटले. साखर उतरली म्हणून पेढे, यावर मी दिवसभर त्यांची थट्टा केली. आणि त्या रिपोर्टवर मी लाल पेनाने एक हसरा चेहरा काढला. चाळीस रिपोर्टांत एखाद्यावर मी असलं काही करत असेन, ते नेमकं तिथं केलं.

शकूचे पाय संध्याकाळी सुजायचे. ती बारीक झाली होती, पोट मात्र पुढे दिसायचं. साखरेत बारीक होतात आणि डोंगर चढून पाय सुजतात, असं आम्ही म्हणत होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

गेल्या शिमग्याला गोमाजींनी मला वाडीवर बोलावलं. नवस फिटणार होता. पालखी सहाणेवरून, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावरून, सकाळीच निघाली. घराघरांतून पुढे येते तेव्हा आमच्याकडे ती खांद्यावर नाचवतात. खालच्या आवाठात, म्हणजे खालच्या वस्तीत, मुंबईकर पोरं हौसेने नाचवत राहिली आणि उतेकरांच्या अंगणात यायला दुपारचे अडीच वाजले. शकू पहाटेपासून निर्जळी होती. गोमाजींनी सकाळी सुई टोचली होती, नेहमीसारखी, दहा युनिट. नवसाचं त्यांना माहीत होतं. पण पालखी नऊपर्यंत येते असा त्यांचा हिशेब होता, आणि टोचल्यावर शकू म्हणाली होती की चमचाभर पेज तोंडात घालते, देवी एवढ्याने कोपत नाही. तिने पेज घातली नव्हती.

पालखी अंगणात आली. ढोल टिपेला पोचले. ओटीचं ताट हातात घेतलेली शकू डोलायला लागली. ताट सुटलं, तांदूळ सांडले. ती काहीतरी पुटपुटत होती, शब्द लागत नव्हते, डोळे भलतीकडेच लागले होते, अंगाला कंप सुटला होता. वाडीतल्या सगळ्यात जुन्या बयाबाई ओरडल्या की आली, देवी आली. बायकांनी शकूच्या कपाळाला हळदकुंकू फासलं. ढोल आणखी जोरात वाजायला लागले. कुणी विचारलं, आई, माझ्या पोरीचं लग्न कधी ठरेल? शकू पुटपुटली, आणि त्या बाईने त्याचा हवा तो अर्थ लावून घेतला.

मी तिथे पाच हातांवर उभी होते. साखर उतरून गळलेली माणसं माझ्या बाकड्यावर मी किती वेळा पाहिली असतील, मोजदाद नाही. आणि मी हात जोडले. हे लिहिताना मला माझा राग येतो, तो अजून उतरलेला नाही.

गोमाजींनीही आधी हातच जोडले. मग ती पडेल या भीतीने त्यांनी तिचं मनगट धरलं. नंतर त्यांनी मला सांगितलं, की देवी येते तेव्हा अंग तापतं, हे लहानपणापासून पाहिलंय. हिचं मनगट ओलं आणि गार लागलं. गार म्हणजे काय, हे त्या हातांना तेहतीस वर्षं ठाऊक होतं.

पालखीपुढे सोनबा मानकरी नैवेद्याचं ताट घेऊन उभे होते. त्यात गुळाचा मोठा खडा होता, देवीला अजून दाखवायचा होता. गोमाजींनी तो उचलला. दातांनी तोडला, आपल्याच तोंडात ओला केला आणि शकूच्या गालात, हिरडीला लावून चोळला. सोनबांनी त्यांचा हात धरला तेव्हा गोमाजींनी तो इतक्या जोराने झटकला, की ताट अंगणात पालथं झालं. ढोल एकेक करून थांबले. कुणी तरी म्हणालं, अंगात आलेल्या बाईच्या तोंडात उष्टा गूळ घातला. गोमाजी दुसरा तुकडा चोळत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

पंधराएक मिनिटांनी शकूची नजर ठिकाणावर आली. घरातल्या मशीनवर साखर पाहिली, एवढा गूळ जाऊनही चौपन्न, आणि सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो. तोवर पालखी पुढे गेली होती, ओटी न घेता. शकूने पहिली गोष्ट विचारली ती तीच.

दुसऱ्या दिवशी गोमाजी तिला घेऊन केंद्रात आले. स्वतः रक्त काढलं, नळी उलटली आणि माझ्यापुढे धरली. साखर बघू नका, म्हणाले, कलेजी बघा. सगळी बघा. मी विचारलं का, आणि त्यांनी शकूला बाहेर बाकावर बसवून मला एक जुनी गोष्ट सांगितली.

एका वर्षी मॅडमने काही उंदरांना औषध देऊन त्यांची लिव्हर मुद्दाम आजारी पाडली होती. गोमाजींनी त्यांचाही पापुद्रा काढला, तेच आठ दाब, तोच बर्फ. मग नळीला ऊब दिली, आम्ल टाकलं. चांगल्या कलेजीच्या नळीत वरचं पाणी तुकड्यांनी भरून जायचं. आजारी कलेजीच्या नळीत सगळं तळाशीच बसलेलं. इन्सुलिन तुटतच नव्हतं. गोमाजींना वाटलं त्यांच्या हातून काही चुकलं, म्हणून ते मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "या उंदरांना इन्सुलिन कमी लागेल, गोमाजी. पण ते बरे झालेत असं समजू नका."

एवढं सांगून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "ताई, तिला दवा कमी लागत नव्हती. तिच्यात दवा तुटत नव्हती."

यापुढचं मला सांगायची गरज नव्हती. उपाशीपोटी रक्तात साखर सोडते ती लिव्हरच. म्हणजे टोचलेलं औषध रेंगाळणार आणि लिव्हरमध्ये साठवलेली साखर बाहेर निघणार नाही. त्यावर निर्जळी उपास. मला माझा तो लाल चेहरा आठवला.

त्या तपासण्या पोलादपुरात होत नाहीत. माझा नवरा हर्षद महाडच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जातो. नळी बर्फाच्या थर्मासात घालून त्याच्या डब्याच्या पिशवीत दिली, कामगारांच्या बसने ती महाडच्या मोठ्या केंद्रात पोचली. संध्याकाळी आकडे आले. ते वाचून मी तो कागद गोमाजींना दिला आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खाली बसले. पुढे महाडच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. दारूचा थेंब न घेतलेल्या बाईचं यकृत आक्रसून खडबडीत झालं होतं. साखरेच्या जुन्या रोग्यांत चरबी साठून असं होतं, ते म्हणाले. वर्षभर आधी कळलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. सुनीलने तिला मुंबईला नेलं, तिथेही तेच ऐकून आले.

गोमाजींनी शकूला सांगितलं की कलेजीला थोडी सूज आहे. मी विचारलं, खरं कधी सांगणार? ते म्हणाले, सांगीन. मी त्यांच्यावर चिडले. दुसऱ्याच्या घरात सत्य बोलणं सोपं असतं.

इकडे गावकी पेटली होती. देवीच्या आधी नैवेद्याला हात लावला, उष्टा गूळ अंगातल्या देवीला चारला, ताट पालथं घातलं. सहाणेवर बैठक बसली. गोमाजींनी चौथऱ्यावर नाक घासून माफी मागावी आणि शकूने पुढच्या वर्षी पुन्हा तोच उपास करून नवस फेडावा, असं ठरत आलं होतं. मी तिथे नव्हते. हे सगळं मला तुळसाने सांगितलं, ती बायकांच्या बाजूला बसली होती.

गोमाजींना एका वाक्यात सुटता आलं असतं. ती देवी नव्हती, साखर उतरली होती, असं म्हणायचं. पण मग कुणी तरी विचारलं असतं, साखर तर बरी झाली होती ना, मग? आणि त्याचं उत्तर शकूला चारचौघांत कळलं असतं. शिवाय त्या दिवसापासून बाया तिच्या पाया पडायला येत होत्या. आयुष्यभर कष्टच केलेल्या बाईला पहिल्यांदा कुणी पाटावर बसवत होतं. ते तिच्याकडून काढून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ते उठले, टोपी काढली आणि म्हणाले, चूक माझी. नाक घासायला ते वाकलेही होते.

तेवढ्यात शकू आली. घरी बस म्हणून सांगितलेलं असूनही ती वाटेत दोनदा टेकत आली होती. चौथऱ्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "सोनबादादा, देवी नव्हती आली. माज्या डोळ्यांपुढं काळोख झाला व्हता, माजं मला नाव आठवत नव्हतं. यांनी गूळ चोळला तवा आठवलं. देवीचा घास मी खाल्ला. तिला राग असंल तर तो माज्यावर, यांच्यावर नाय."

बाया कुजबुजल्या, ज्या तिच्या पाया पडल्या होत्या त्यांनी माना खाली घातल्या. मग बयाबाई उठल्या. पहिली आरोळी त्यांचीच होती. त्या म्हणाल्या, चूक आधी माझी, मला बाई ओळखू आली नाही. सोनबांनी घसा खाकरला आणि बैठक मोडली. पुढच्या शिमग्याला पालखी आधी उतेकरांच्या दारात जाईल, एवढंच ते जाताना म्हणाले.

घरी आल्यावर शकूने विचारलं, आता बोला, काय झालंय मला. गोमाजींनी सगळं सांगितलं. माळ, चिकटणं, तुटणं, आजारी उंदीर, मॅडमचं वाक्य. औषध कमी लागायला लागलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, हेही सांगितलं. "तेहतीस वर्सं मी हेच केलं गो. उंदरांचं कळलं. तुजं नाय कळलं."

शकूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग तिने विचारलं, म्हणजे तुमी टोचलेलं आता माज्यात तसंच राहतंय? ते म्हणाले, पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहतं. "मग राहू दे," ती म्हणाली. "तुमचं काय तरी माज्याजवळ टिकलं."

हे मला सांगताना गोमाजी खिडकीतून एसटी स्टँडकडे बघत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ज्येष्ठात इन्सुलिन चार युनिटवर आलं आणि आषाढात डॉक्टरांनी ते पूर्ण बंद केलं. वाडीत बातमी पसरली की शकूची सुई सुटली. खालच्या आवाठातून माणसं अभिनंदन करायला आली, काय घेतलं म्हणून विचारायला लागली. गोमाजी त्यांना चहा द्यायचे, त्यांचं ऐकून घ्यायचे आणि पोचवायला अंगणापर्यंत जायचे. शकू आत पडून असायची. रोज सकाळी सुईच्या वेळेला ते तिच्याजवळ बसत आणि गूळ घातलेली नाचणीची पेज चमच्याने भरवत. अकरा वर्षं तिने गोड खाल्लं नव्हतं. गोड जास्त झालं, असं ती रोज म्हणायची आणि रोज वाटी संपवायची. दिवाळीनंतर तिचं बोलणं तुटक झालं, आणि कार्तिकात, एका सकाळी पेज निवत असताना, ती गेली.

तेरावं झाल्यावर गोमाजी केंद्रात यायला लागले. यंदाच्या शिमग्याला पालखी ठरल्याप्रमाणे आधी त्यांच्या दारात आली. ओटी बयाबाईंनी भरली, शकूने गेल्या वर्षी आणलेल्या खणाने. निर्जळी बायांच्या हातावर सोनबांनी स्वतः गुळाचा खडा ठेवला, आणि मग देवीला नैवेद्य दाखवला. एकीनेही नाही म्हटलं नाही.

शिमग्यानंतरच्या सोमवारी गोमाजी आले ते हातात एक ओलं फडकं घेऊन. फडक्यात शकूची इन्सुलिनची शेवटची बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. गेल्या आषाढापासून ते त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते. आता उन्हाळा लागेल, म्हणाले, मडकं पुरणार नाही. "अजून गार हाय, ताई. तुमच्या फ्रीजमध्ये ठेवाल?"

मी तारीख पाहिली. ती कधीच उलटून गेली होती. उघडलेली बाटली तर महिनाभरातच टाकून द्यायची असते. माझ्या फ्रीजमध्ये मी जुनं काही राहू देत नाही, त्यावरून आजवर सगळ्यांशी भांडले आहे. गोमाजींनाही हे माझ्याइतकंच माहीत होतं.

मी बाटली वरच्या कप्प्यात, अगदी मागे ठेवली. गोमाजींनी हात धुतले. बाकावर एक म्हातारी केव्हाची बसली होती, तिचं रक्त काढलं आणि नळी आठ वेळा उलटली.